अर्ज करायला लाजू नका : सेमिनरीतल्या विद्यार्थ्यांची पत्रं

गेल्या अंकात मी ईश्वरविज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या घरच्यांना अडचणी लिहून पाठवा असं म्हटलं होतं. सतरा पत्रं आली. त्यांतली पाच इथे घेतली आहेत, थोडी आवरून आणि ओळखीच्या खुणा काढून. आधी पत्र, मग त्याखाली माझं उत्तर, असा क्रम आहे. बाकीच्यांना टपालाने उत्तरं गेली आहेत. नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल थोडं सांगते. मी मूळची नगर जिल्ह्यातली, पाळकाची मुलगी. एम.डिव्ह. (पाळकीय सेवेसाठीची पदव्युत्तर पदवी) अमेरिकेत केलं, आणि पुढे तिथल्याच एका सेमिनरीच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या संस्थेच्या, रजिस्ट्रार ऑफिसात सव्वीस वर्षं नोकरी केली. विद्यार्थ्यांचे अर्ज, शेवटच्या तारखा, सह्या, गुणपत्रकं हे माझं रोजचं काम होतं. आता पुण्यात असते.

ख्रिस्तात सलाम. माझी मुलगी अमेरिकेत एका सेमिनरीत एम.डिव्ह.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑगस्टपासून तिची झोप गेली आहे. फोनवर बोलता बोलता गप्प होते. परवा म्हणाली, "आई, मी हिब्रू सोडून देते, बाकीचं जमेल." मी डीनसाहेबांना मेल केला तर "विद्यार्थ्याची माहिती देता येत नाही" असं दोन ओळींचं उत्तर आलं. आमचे पाळकसाहेब उपास-प्रार्थना करा म्हणतात. तिला परत बोलवावं का? मंडळीने वर्गणी काढून तिला पाठवलंय, तेही सारखं डोक्यात येतं. – एक आई, नाशिक

ताई, सलाम. आधी एक निरोप तिला आज रात्रीच्या फोनवर द्या : परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला विचारल्याशिवाय एकही विषय सोडू नकोस. हिब्रूसुद्धा नाही. विद्यार्थ्यांच्या पोर्टलवर विषयासमोर 'ड्रॉप'चं बटण असतं. ते दाबलं की दोन सेकंदांत विषय जातो, मध्ये कुणी अडवत नाही. पण एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर असलेल्याला दर सेमिस्टरला पूर्ण वेळ शिकावंच लागतं. पूर्ण वेळ म्हणजे किती क्रेडिट, ते पदवीनंतरच्या अभ्यासक्रमात संस्था ठरवते. आमच्याकडे नऊ होती. नवातली हिब्रूची तीन गेली आणि परवानगी आधी घेतलेली नसली, की तिथे राहण्याचा तिचा हक्कच धोक्यात येतो. मग मागाहून डॉक्टरचं पत्र आणून ते सहजी निस्तरत नाही. मी तसे प्रयत्न करणारी मुलं पाहिली आहेत, काउंटरवर हात थरथरत असायचे त्यांचे.

क्रम उलटा केला तर मात्र वाट मोकळी आहे. आजारपणामुळे कमी विषय घ्यायची सवलत त्या नियमांतच दिलेली आहे, आणि आजार शरीराचाच हवा असं नाही. तिथल्या परवानाधारक डॉक्टरचं किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र घ्यायचं. ते घेऊन सेमिनरीत आय-२०चं (व्हिसासाठी संस्था देते त्या कागदाचं) काम ज्यांच्याकडे असतं त्यांना भेटायचं. त्यांनी सरकारी प्रणालीत मंजुरी नोंदवली, की मगच विषय सोडायचा. फारच गरज पडली तर एखादं सेमिस्टर एकही विषय न घेता तिथेच राहून उपचार घेता येतात. एका पदवीच्या पातळीवर ही सवलत सगळी मिळून बारा महिने मिळते, आणि दर सेमिस्टरला नव्याने मंजूर करून घ्यावी लागते.

विषय सोडल्यावर गुणपत्रकावर 'डब्ल्यू' येईल. डब्ल्यू म्हणजे नापास नव्हे. सरासरीत तो धरत नाहीत. फक्त त्याची शेवटची तारीख असते. ती उलटली की डब्ल्यूच्या जागी 'एफ' येतो, आणि एफ सरासरी खाली ओढतो. ही तारीख शैक्षणिक कॅलेंडरवर छापलेली असते, ती तिला बघायला सांगा. तिची शिष्यवृत्ती पूर्ण वेळ शिकण्याच्या अटीवर आहे का आणि सेमिनरीच्या खोलीचा करार विषय कमी केल्यावर चालू राहतो का, हेही सही करण्याआधी विचारून घ्यायला हवं. ही तीन ऑफिसं वेगळी असतात आणि एकमेकांना आपणहून काही कळवत नाहीत. तिलाच तिन्ही दारं वाजवावी लागतील.

आता परत बोलवण्याचं. मधेच रजा घेऊन घरी यायचं ठरलं तर तेही आधी त्याच अधिकाऱ्याला सांगून. त्यांनी रजेची नोंद केल्यावर देश सोडायला पंधरा दिवस मिळतात. पाच महिन्यांच्या आत परतली तर जुनीच नोंद पुन्हा सुरू करता येते. त्याहून जास्त दिवस झाले की नवा आय-२०, नवी फी, आणि बहुधा व्हिसाची रांगही नव्याने. डिसेंबरात येऊन पुढचं पूर्ण सत्र सोडलं तर ऑगस्टपर्यंत आठ महिने होतात, तेव्हा हा हिशेब आधीच करा. माझं मत विचाराल तर, डॉक्टर हो म्हणत असतील तर आत्ता तिथेच उपचार सुरू करावेत, ओझं कमी करावं, आणि नाताळाच्या सुट्टीत तिला महिनाभर घरी आणावं. सत्रांमधल्या सुट्टीत घरी यायला कुठल्याच रजेचा अर्ज लागत नाही. आय-२०वर प्रवासाची सही तेवढी घेऊन ठेवायची. घरचा भात-वरण, स्वतःचं अंथरूण, तुमचा हात डोक्यावरून फिरणं, याने किती फरक पडतो ते मला माहीत आहे.

डीनसाहेबांवर रागावू नका. तिथे १९७४चा एक कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या अभ्यासाच्या नोंदींवर हक्क त्याचा. फी आईवडिलांनी भरलेली असली तरी कॉलेज सहसा त्यांना गुण किंवा हजेरी सांगत नाही. मुलीने संमतिपत्रावर सही केली तर सांगू शकतात. पण तुमच्या कामाची गोष्ट निराळीच आहे : तो कायदा त्यांना माहिती द्यायला अडवतो, तुमचं ऐकून घ्यायला अडवत नाही. म्हणून दुसरा मेल करा, त्यात काहीही विचारू नका. एवढंच लिहा : "माझी मुलगी दोन महिने नीट झोपलेली नाही, फोनवर रडते, मला तिची काळजी वाटते. कृपया कुणीतरी आज तिला भेटावं." असा मेल आमच्याकडे आला की विद्यार्थी-कल्याणाच्या डीन दुपारचं जेवण टाकून त्या मुलाच्या खोलीवर जायच्या. जिवाला धोका आहे असं तुम्हाला कधी वाटलं तर मेलची वाट पाहू नका. तिथे ९८८ हा नंबर चोवीस तास चालतो, तो तिच्या फोनमध्ये असू द्या.

पाळकसाहेबांचं म्हणणं मी खोडत नाही. प्रार्थना मीही करते, आज तुमच्या मुलीसाठी केली. पण आपल्या मंडळ्यांत एक भीती खोल बसली आहे : सेवेचं पाचारण असलेल्या माणसाचं मन आजारी पडणं म्हणजे विश्वास कमी पडणं. त्या भीतीपायी मुलं चॅप्लेनला, म्हणजे संस्थेच्या पाळकाला, भेटतात, त्यांच्याबरोबर प्रार्थना करतात, आणि समुपदेशकाकडे जात नाहीत. चॅप्लेन हवाच, पण औषध किंवा उपचार तो देत नाही, आणि आय-२०साठी त्याचं पत्र चालत नाही. समुपदेशकाच्या नोंदी रजिस्ट्रारच्या फायलीत येत नाहीत. सव्वीस वर्षांत माझ्या हातात एकही आलेली नाही. पुढे पाळकपदाच्या दीक्षेच्या वेळी कुणाला कळेल, ही काळजी तिच्या मनात असेल तर ती काढून टाका.

आणि मंडळीच्या पैशांचं. ज्या म्हाताऱ्या बायकांनी पदराच्या गाठीतले पन्नास-शंभर काढून दिले, त्यांनी ते हिब्रूसाठी दिले नाहीत, तुमच्या मुलीसाठी दिले. खजिनदारांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा, की तिला बरं नाही, एक सत्र जास्त लागेल. लपवलंत तर तिला ते दुप्पट जड होईल.

मी बंगळूरला एम.टीएच. (ईश्वरविज्ञानातली पदव्युत्तर पदवी) करतो, गाव राहुरी तालुक्यात. नव्या कराराच्या एका पेपरात मी आमच्या बायबल स्कूलच्या सरांच्या मराठी टिपणांतले दोन परिच्छेद इंग्रजीत करून घातले. इथल्या सरांनी "हे तुझं नाही" म्हणून पेपर परत केला. आता समितीपुढे जायचंय. मी कॉपी-पेस्ट केलेलं नाही, रात्रभर बसून भाषांतर स्वतः केलं. ही चोरी कशी?

भाऊ, तुमची मेहनत खरी आहे, आणि नियम मोडला आहे हेही खरं आहे. दुसऱ्याचा विचार भाषा बदलून आपल्या नावावर लिहिला तरी तो उचललेलाच धरतात. कुठलंही विद्यापीठ असंच धरेल.

पण हे तुम्हाला चोरी का वाटलं नाही, ते मला कळतं, आणि समितीलाही ते कळायला हवं. माझे वडील उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर उपदेश करायचे. बापाच्या जितेपणी धाकटा वाटणी मागतो तिथे ते थांबायचे, आणि सातबारा, बांध, विहिरीतला हिस्सा असं सगळं आपल्या गावातलं सांगायचे. सगळी मंडळी मान हलवायची, कारण प्रत्येकाच्या घरी ते झालेलं असायचं. तो सगळा भाग त्यांनी त्यांच्या पाळकांकडून ऐकलेला होता. आज माझा भाऊ तोच सांगतो. व्यासपीठावर "हे मी अमक्याकडून घेतलं" असं कुणी म्हणत नाही, कारण तिथे ते वारशाने आलेलं असतं आणि ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं. कीर्तनातही पूर्वरंग-उत्तररंगाचे दृष्टांत असेच एका बुवाकडून दुसऱ्याकडे येतात. पेपरात मात्र वाचणाऱ्याला तपासायचं असतं : हा विचार कुणाचा, कधीचा, कशावरून. तळटीप त्यासाठी असते.

आणि तुमच्या सरांच्या वहीला तळटीप देता येते, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. छापील पुस्तकच लागतं असं मुळीच नाही. सरांचं नाव, 'नव्या करारावरची टिपणं', हस्तलिखित, बायबल स्कूलचं नाव, गाव, साल, आणि शेवटी 'अनुवाद माझा'. एवढी एक ओळ तळाशी असती, तर तेच दोन परिच्छेद तुमच्या पेपरातला सगळ्यात चांगला भाग ठरले असते. बंगळूरच्या ग्रंथालयात नसलेली एका मराठी शिक्षकाची टीका तुम्ही तिथे नेली असती. मराठी वचनं देतानाही हीच काळजी घ्या. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर आणि बायबल सोसायटीचं भाषांतर यांत शब्द वेगळे आहेत, तेव्हा कुठलं घेतलंत ते लिहा.

समितीपुढे जाताना ती वही बरोबर न्या, खरीखुरी वही. सरांचं अक्षर आणि तुमचा पेपर शेजारी शेजारी ठेवा. अर्ध्या पानाचं निवेदन आधी लिहून द्या : मी काय केलं, ते चूक आहे हे मला आता कळलं, आधी का कळलं नव्हतं, पेपर नव्याने लिहून द्यायची परवानगी मिळावी. "मी काही केलंच नाही" असं म्हणू नका. बहुतेक हँडबुकांत, म्हणजे संस्थांच्या नियमपुस्तिकांत, पहिल्या वेळी अज्ञानाने झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेली फसवणूक यांना वेगवेगळी शिक्षा असते, आणि समिती तुमच्या बोलण्यावरून हेच ठरवणार असते. शिक्षा काय झाली ते लेखी मागा. अपील करायची मुदत बहुधा थोड्याच दिवसांची असते, ती त्या पत्रात बघा. आणि लेखन-साहाय्य केंद्र असेल तर तिथे नाव आजच घाला. केंद्र नसेल तर ग्रंथपालांना भेटा. तळटिपा शिकवणारे ग्रंथपाल मी जेवढे पाहिले, तेवढे सगळे मनापासून शिकवणारे होते.

माझा पुतण्या सेरामपूरची बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) करतोय. सोलापुरात लोक म्हणतात ही काही खरी डिग्री नाही. खरं काय?

काका, खरी आहे, आणि जुनीही आहे. विल्यम केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ साली बंगालात सेरामपूरला कॉलेज काढलं. ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने कॉलेजला पदव्या द्यायची सनद दिली. गाव इंग्रजांकडे गेलं तरी सनद टिकली, आणि १९१८ साली बंगाल सरकारने त्यासाठी कायदाही केला. देशभरच्या अनेक सेमिनऱ्यांतली मुलं आज त्याच कॉलेजच्या सिनेटची (पदव्या देणाऱ्या मंडळाची) परीक्षा देतात. आपलं आणि सेरामपूरचं नातं तर मराठीतून आहे. केरींनी मराठीचं व्याकरण तिथूनच १८०५ साली छापलं आणि १८१० साली मराठीचा कोश. कोशातली मराठी मोडी टाइपात आहे, आणि त्या कामामागे वैजनाथ शास्त्री होते. पुतण्याला कुणी हिणवलं तर त्याला हे सांगू द्या.

एक मात्र लक्षात ठेवा. ही पदवी सेवेसाठी आणि पुढच्या ईश्वरविज्ञानासाठी आहे. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत ती चालेल असं गृहीत धरू नका. प्रत्येक वेळी त्या खात्याकडून लेखी उत्तर घ्या.

मी कोल्हापूरकडची, एका सेमिनरीत पदव्युत्तर पहिल्या वर्षाला आहे. माझे पती पाळक आहेत. मार्चमध्ये बाळंतपण आहे, आणि वार्षिक परीक्षाही मार्चमध्येच. हजेरी ७५ टक्के लागते. अजून कुणालाच सांगितलेलं नाही. वर्गात आम्ही दोघीच मुली आहोत. सांगितलं तर "मग प्रवेश कशाला घेतला" म्हणतील अशी भीती वाटते.

अभिनंदन, ताई. बाळ येतंय, ही आनंदाची बातमी आहे आणि ती तशीच सांगायची. मान खाली घालून सांगू नका.

आत्ता सांगा. फेब्रुवारीत सांगाल तर सगळे घाईत असतील, प्रश्नपत्रिका गेलेल्या असतील, आणि मग ज्यांना मदत करायची आहे त्यांनाही करता येणार नाही. आत्ता सांगितलंत तर जानेवारीपर्यंत हजेरी पुढे भरून ठेवता येते, अंतर्गत गुणांचे पेपर आधी देता येतात, आणि राहिलेली परीक्षा पुढच्या फेरीत द्यायची परवानगी मागता येते. प्राचार्यांना एकच पानी अर्ज करा. त्यात प्रसूतीची तारीख, डॉक्टरचं पत्र, किती आठवड्यांची रजा हवी, हजेरीत किती सवलत हवी, आणि कुठला विषय कधी पूर्ण करणार, हे सगळं आकड्यांत लिहा. "सहकार्य करावे ही विनंती" एवढ्यावर अर्ज संपवू नका. आकडे लिहिले की वाचणाऱ्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. नुसती विनंती फायलीत पडून राहते. दोन प्रती काढा, एकीवर ऑफिसचा शिक्का आणि तारीख घेऊन ती घरी ठेवा.

कुणी म्हणालं की असं काही नसतं, तर सांगा : यूजीसीने २०१६च्या नियमांत एम.फिल. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थिनींना २४० दिवसांपर्यंत रजा दिली, आणि २०२१च्या डिसेंबरात सगळ्या विद्यापीठांना पत्र पाठवून पदवी-पदव्युत्तर मुलींसाठीही बाळंतपणाची रजा आणि हजेरीतली सवलत यांचे नियम करायला सांगितलं. तुमची सेमिनरी यूजीसीखाली येत नसली, तरी देशात काय योग्य मानलं जातं हे त्या पत्रावरून दिसतं. अर्जाला त्याची प्रत जोडा. आणि नियमच नसेल तर तुमच्या अर्जामुळे तो व्हावा, असंही अर्जात लिहा. तुमच्या वर्गातल्या दुसऱ्या मुलीला त्याचा उपयोग होईल.

मला एक दृश्य अजून दिसतं. आमच्या ऑफिसच्या मागे फोटोकॉपीच्या मशिनची छोटी खोली होती. एका विद्यार्थिनीने तिथे कागदांच्या खोक्यांवर बसून बाळाला पाजलं, आणि मग बाळ माझ्याकडे देऊन ती चर्चच्या इतिहासाच्या तोंडी परीक्षेला गेली. पंचवीस मिनिटांची परीक्षा. बाळ माझ्या खांद्यावर झोपलं होतं. ती पास झाली, पण मला त्या दिवशी अभिमानापेक्षा लाज जास्त वाटली. दार लागणारी, खुर्ची असलेली एक खोली आम्ही इतक्या वर्षांत ठेवली नव्हती. पुढच्या बैठकीत आम्ही ती मागितली, आणि मिळाली. तुम्हीही खोली मागा. स्तनपानासाठी खोली मागणं हा अर्जाचा वेगळा मुद्दा करा, सगळ्यात शेवटी कोंबू नका.

अमेरिकेत शिकतो. माझ्याबरोबरच्या मुलाला प्राध्यापकांनी दोन आठवडे मुदतवाढ दिली. मी मागितली तर "हँडबुक बघ" म्हणाले. ख्रिस्ती संस्थेत नियमांवर बोट ठेवायचं, मग कृपा कुठे राहिली?

बाळा, हा प्रश्न मला पहिल्या वर्षापासून निवृत्तीपर्यंत विचारला गेला, आणि तो राग येण्यासारखाच आहे. तरी मी हँडबुकाच्या बाजूची आहे. का, ते सांगते.

१९९२च्या मार्चमध्ये माझे वडील वारले. मी तिकडे, दुसऱ्या सत्रात. तिकिटाचे पैसे नव्हते आणि पोहोचेपर्यंत माती झालेली असणार होती. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ग्रीकच्या वर्गात जाऊन बसले. वही उघडी होती आणि पुढचे दहा दिवस तिच्यात एक अक्षर लिहिलं गेलं नाही. सत्राचा मोठा पेपर दिला नाही. कुणाला सांगितलंही नाही. देवाच्या कामासाठी आलेल्या माणसाने सबब सांगायची नसते, असं मला लहानपणापासून वाटत आलं होतं. सत्र संपलं, एफ आला. विषय पुन्हा घ्यावा लागला, फी पुन्हा भरावी लागली, आणि ती फेडायला मी पूर्ण उन्हाळा ग्रंथालयात पुस्तकं लावली.

पुढे नोकरीला लागल्यावर मला कळलं, की रजिस्ट्रार ऑफिसच्या दाराबाहेरच्या लाकडी फळीवर पिवळ्या कागदाचा एक फॉर्म कायम ठेवलेला असायचा. 'इन्कम्प्लीट'साठीचा अर्ज. घरात मृत्यू, आजारपण, असं कारण असेल तर पेपर पुढच्या सत्रातल्या ठरावीक तारखेपर्यंत द्यायची सोय. मी त्या फळीवरून दिवसातून चार वेळा जात होते. प्राध्यापक चांगले होते, मी सांगितलं असतं तर त्यांनी नक्की सही केली असती. पण त्यांनी मला विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

तुझ्या मित्राला मुदतवाढ कशी मिळाली याचा विचार कर. तो बहुधा प्राध्यापकांबरोबर कॉफी प्यायला जातो, त्याचं इंग्रजी सहज आहे, त्याचे वडीलही पाळक किंवा प्राध्यापक असतील. मर्जीतून मिळणारी कृपा आधी अशांना मिळते. राहुरीहून, गडचिंचल्याहून, आयझॉलहून आलेला गप्प बसणारा विद्यार्थी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याच्यासाठी कुणीतरी बसून लिहून ठेवलं, की घरात मृत्यू झाला तर एवढे दिवस, आजारी असशील तर असा अर्ज, नाकारलं तर तिकडे अपील. मला ती लिहून ठेवलेली कृपाच वाटते. माझ्या टेबलावर हँडबुकाची सुधारित प्रत यायची तेव्हा मी ती याच नजरेने वाचायचे, की माझ्यासारख्या मुलीला हे पान सापडेल का.

तेव्हा प्राध्यापकांनी तुला "हँडबुक बघ" म्हटलं, तर खरंच बघ. इन्कम्प्लीटचं कलम काढ. कारण तुझ्या हाताबाहेरचं हवं, आणि अर्ज सत्राच्या शेवटच्या दिवसाआधी हवा, या दोन अटी बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात. तुझं कारण पत्रात तू लिहिलेलं नाहीस. नोकरीचे तास वाढले, एवढंच असेल तर ते चालणार नाही, आणि एफ-१वर असशील तर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांहून जास्त काम करताच येत नाही, तेव्हा ते अर्जात लिहून स्वतःला अडकवूही नकोस. घरचं दुखणं असेल तर लिही, स्पष्ट लिही, कुणाचं आणि कधीपासून.

तुझ्या मित्राशी वेगळा न्याय झाला असं वाटत असेल तर तक्रारीचाही मार्ग आहे : आधी प्राध्यापकांशी समोरासमोर, मग डीनकडे लेखी, मग समिती. पण तिथे "त्याला दिली, मला नाही" एवढ्याने भागत नाही. तुझं कारण आणि त्याचं कारण सारखं असताना निर्णय वेगळा झाला, हे दाखवावं लागतं, आणि त्याच्या घरची गोष्ट तुला माहीत असेलच असं नाही. मी तुझ्या जागी असते तर आधी स्वतःचा फॉर्म भरला असता.

फॉर्मवर तारखेच्या रकान्यात नुसतं 'पुढच्या सत्रात' लिहू नकोस, दिवस आणि महिना घाल. खाली तुझी सही आणि प्राध्यापकांची सही, दोन्ही हव्यात. सह्या झाल्या की तो रजिस्ट्रारच्या काउंटरवर स्वतः नेऊन दे, सरांच्या टपालाच्या खणात ठेवून येऊ नकोस, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.